अर्ध्या मुळाचा दात

डिचोली, १२ डिसेंबर २०२३

श्री. विजय गावडे यांना नमस्कार.

मी डॉ. गौरवी परब, डिचोलीच्या बाजारातली दातांची डॉक्टर. पाळी गावच्या उतारावर सायकलवरून पडून तुमच्या सोनमचा वरचा पुढचा दात मोडला होता. पुढे हिरडीवर पुवाची पुळी आली, तेव्हा दिवाळीआधी तुम्ही तिला माझ्याकडे आणलंत. मी दात आतून धुतला, औषध भरलं, वर तात्पुरतं सिमेंट लावलं आणि तीन आठवड्यांनी या म्हणाले. तुम्ही आला नाहीत. फोन लावला तर हा नंबर अस्तित्वात नाही असं एक बाई मला तीन भाषांतून सांगते. माझी मदतनीस प्रिया तुमच्या कारखान्यात जाऊन आली. तिथे समजलं की कंत्राट संपलं आणि तुम्ही गावी गेलात. केसपेपरवर गावचा पत्ता सापडला, म्हणून हे पत्र. परीक्षेतल्या प्रश्नाखेरीज मी कधी पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

काम अर्धंच झालं आहे. मोठ्या माणसाच्या दाताचं मूळ पूर्ण वाढलेलं असतं, टोक बंद असतं. आतली नस मेली तर ती काढून मसाला भरायचा, की झालं. सोनमचा दात मोडला तेव्हा त्याचं मूळ अजून वाढतच होतं. ते अर्ध्यावर थांबलं. भिंती पातळ आणि टोकाचं तोंड उघडं. तसाच सोडला तर एखाद दिवशी चणे खाताना मुळातच मोडेल.

पण त्या वयात शरीराला वाढायची हौस असते. आतली घाण नीट गेली, तर मुळाच्या टोकाकडून थोडं रक्त दातात आणायचं आणि ते वरून घट्ट बंद करायचं. त्या रक्तातून नवी पेशी धरते आणि राहिलेलं मूळ पुढे वाढू शकतं. त्यासाठी तिने परत यायला हवं. ते तात्पुरतं सिमेंट फार काळ टिकणारं नाही.

वाट पाहते.

डॉ. गौरवी परब

*

कुरणवाडी, ता. चंदगड
२६ डिसेंबर

डॉक्टरबाईंना सिंधू गावडेचा नमस्कार.

विजय माझा धाकटा दीर. तो आणि त्याची बायको वैशाली चाकणला नव्या कामावर गेलेत. तिथं खोली लहान, दोघांच्या पाळ्या उलटसुलट, म्हणून सोनम इथं माझ्याकडं असते. गावच्या शाळेत घातलंय. पत्र मीच फोडलं, राग मानू नये. आमच्या पोस्टमनला तर खरंच वाटेना. म्हणाला, डॉक्टर चिठ्ठी लिहितात ती औषधाच्या दुकानाला, माणसाला कधी लिहितात?

तर सोनमचा दात उत्तम आहे. पुळी गेली. दुखत नाही, ठणकत नाही. परवा आमच्या ह्यांच्या बरोबर शेतात जाऊन तिनं ऊस सोलून खाल्ला, आता बोला. अंगानंही भरलीय. संध्याकाळी मी काजूच्या कारखान्यातून आले की वेशीपर्यंत पळत येते.

तिकडं यायचं म्हणाल तर तिलारीचा घाट सध्या बंद आहे. विजयला कळवायची गरज नाही, तो उगीच जिवाला घोर लावून घेईल. आपण इतकी काळजी केलीत याबद्दल आभारी आहे.

आपली,
सौ. सिंधू गावडे

मॅडम मी सोनम. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आहे म्हणून लिहिते. सिमेंट पडलं. ऊस खाताना. काकूला माहीत आहे. ती म्हणते दुखत नाही ना मग झालं. माझा अभ्यासात तिसरा नंबर आला.

*

डिचोली, ३ जानेवारी २०२४

सौ. सिंधूताईंना नमस्कार.

तुमचं पत्र मी प्रियाला वाचून दाखवलं. पोस्टमनचं म्हणणं तिला फार आवडलं.

आता उसाचं. ऊस आणि आमचं तात्पुरतं सिमेंट यांचं कधीच पटत नाही. तेव्हा ते पडलेलं असणार, असा माझा अंदाज आहे. मी डॉक्टर आहे, अंदाज बांधते. पडलं असेल तर दात वरून उघडा आहे. जे खाल्लं-प्यायलं ते आत जातं आणि मी धुऊन काढलेलं सगळं परत शिरतं. दुखत नाही, कारण दुखायला आत नसच जिवंत नाही. या दाताच्या बाबतीत न दुखणं ही काही चांगली बातमी नव्हे.

घाट बंद आहे म्हणता. बुधवारच्या आमच्या बाजारात तुमच्या चंदगडचा एक रताळीवाला बसतो. मी त्याला विचारलं, "बाबा, कसा आलास?" म्हणाला, "घाटातनं." रताळी येतात तर सोनम का नाही?

सांगते म्हणून रागावू नका. लवकर या.

गौरवी परब

*

कुरणवाडी, १६ जानेवारी

डॉक्टरबाई,

रताळ्यांचं वाचून आमचे हे इतके हसले की ठसका लागला. मला हसू आलं नाही.

तुम्ही पहिल्या पत्रात रक्त आणायचं लिहिलंय, ते मी चारदा वाचलं. आठ वर्षांच्या लेकराला सुई टोचून मुद्दाम रक्त काढणार? रक्त येतंय म्हणून लोक डॉक्टरकडं जातात, आणि तुमच्याकडं येत नाही म्हणून यायचं? शेजारच्या शांताक्का म्हणाल्या, गोव्यात काय काय नवीन निघेल सांगता येत नाही. तालुक्याला एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले काढून टाका, मोठी झाल्यावर नवा बसवू. ते मला सोपं वाटतंय.

हिरडी थोडी लाल आहे. थोडीच.

एक विचारायचं होतं. दात बरा करायचा म्हणजे पोरगी तिकडंच ठेवून घ्यायची, असं काही असतं का? ते आधी स्पष्ट लिहावं.

सिंधू गावडे

*

डिचोली, २४ जानेवारी

सिंधूताई,

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ठेवून घ्यायचा प्रश्नच नाही. माझ्या दवाखान्यात एक खुर्ची, दोन बाकडी आणि काचेच्या पेटीत एक मासा आहे. खाट नाही. सकाळी या, काम झालं की दुपारच्या गाडीने परत जा.

दात काढायचं म्हणाल तर काढणं सोपंच आहे, पाच मिनिटांत होईल. पण पुढचं ऐका. काढला की तिथलं हाड हळूहळू बसत जातं. पक्का दात बसवायला ती अठरा-एकोणीस वर्षांची व्हावी लागते. तोवर दहा वर्षं काढ-घाल करायची कवळी. शाळेत, कॉलेजात, हसताना, भांडताना. तेव्हा हातातला असेल तो राखायचा प्रयत्न तरी करू या.

रक्ताची भीती मला समजते. भूल देऊन करायचं आहे, तिला कळणारही नाही. आणि खात्रीने जमेल असंही मी म्हणत नाही. नाही जमलं तर मुळाचं तोंड सिमेंटने बुजवून दात उभा ठेवायची दुसरी रीत आहे. मूळ वाढणार नाही, पण दात राहील.

"थोडी लाल" म्हणजे परत पू झाला, असं मी धरून चालते. बुधवारी ३१ तारखेला या. तुम्ही येईपर्यंत मी जेवायला जाणार नाही, आणि मला भूक फार लागते.

गौरवी

*

कुरणवाडी, २५ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंना नमस्कार.

दोन वेळा तुमच्याकडं येऊन गेले, तरी पत्र लिहितेय. कारण बुधवारी तुम्ही सोनमच्या तोंडात बघत होता आणि मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. तुम्हाला जे दिसलं नाही ते सांगते.

पहिल्या खेपेला तुम्ही पू बघून मला एक शब्द बोलला नाहीत. नुसतं धुतलंत, औषध भरलंत आणि मला चहा आणि तो कडक उंडा आणून दिलात. बोलला असता तर बरं झालं असतं. तो पाव मी तसाच पदरात बांधून घरी आणला. सोनमला मात्र तुमचा मासा आवडला. घरी येईपर्यंत त्याचंच चाललं होतं.

दुसऱ्या खेपेला, या बुधवारी, भूल दिली, औषध धुऊन काढलं, ते सगळं ठीक होतं. मग तुम्ही ती बारीक सुई आत घातली, बाहेर काढली आणि थांबलात. परत घातली. परत थांबलात. प्रिया आरसा धरून वाकली होती. मी विचारलं, "काय झालं?" तुम्ही म्हणालात, "काही नाही, जरा वेळ लागतोय." पण तुमच्या कपाळावर घाम आला होता आणि वर पंखा तर जोरात फिरत होता. तेव्हा मला कळलं, रक्त येत नाहीये.

डॉक्टरबाई, मी आयुष्यात देवाकडं पुष्कळ मागितलंय. पाऊस मागितला, पोर मागितलं, ते काही त्यानं दिलं नाही. पण लेकराचं रक्त येऊ दे म्हणून हात जोडायची वेळ त्या दिवशी पहिल्यांदाच आली. आधी देवालाही समजलं नसेल, ही बाई काय मागतेय. मी बाकड्यावर बसून पुटपुटत होते, येऊ दे, थोडं तरी येऊ दे. तेवढ्यात प्रिया ओरडली, "मॅडम, रगत आयलें!" आणि तुम्ही असा श्वास सोडलात की तोंडावरचं फडकं फुगलं. मला रडू आलं आणि सोनम तोंड उघडं ठेवूनच "आ? आ?" करून विचारायला लागली.

मग ते रक्त गोठेपर्यंत आपण सगळे गप्प बसलो होतो, जसं काही बाळाला झोप लागतेय. वर ते पांढरं सिमेंट लावून तुम्ही हातमोजे काढलेत तेव्हा तुमचे हात कापत होते. असं तुम्ही पहिल्यांदाच करत होता ना? पहिल्यांदा पुरणपोळी तव्यावर टाकणारीचा हात असाच कापतो. मी बरोबर ओळखलं की नाही ते लिहा.

आता माझं एक. तुम्हाला मी विचारलं होतं, पोरगी तिकडंच ठेवून घेणार का, आणि तुम्ही मला खाटा मोजून दाखवल्या. मी दवाखान्याचं विचारत नव्हते. गोव्याचं नाव निघालं की सोनमला शाळा आठवते, मैत्रिणी आठवतात. विजयला दाताचं कळलं तर तो म्हणेल, डॉक्टर तिथं आहे तर पोरगीही तिथंच राहू दे. चार महिने घरात तिचा आवाज आहे. म्हणून घाट बंद झाला होता.

सिंधू

*

डिचोली, ६ मार्च

सिंधूताई,

बरोबर ओळखलंत. शिकताना सरांच्या हाताखाली दोनदा केलं होतं. एकटीने, माझ्या स्वतःच्या खुर्चीवर, हे पहिलंच. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का? खरं सांगा. रक्त येईना तेव्हा माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की रताळीवाल्याचं नाव घेऊन बाईला घाट उतरायला लावलं, आता हिला काय सांगू? तुम्ही पुटपुटत होता ते मला ऐकू येत होतं. प्रियाचं म्हणणं आहे की रक्त तुमच्यामुळे आलं. मी वाद घालत नाही.

तुमचा प्रश्न मला कळला नाही, हे माझं चुकलं. मी शाळेत असताना माझी आई चार वर्षं दुबईत होती. मी म्हापशाला मावशीकडे राहिले. आई मला न्यायला आली त्या दिवशी मावशी बाजाराला निघून गेली होती. म्हापशाचा बाजार शुक्रवारचा. त्या दिवशी शुक्रवार नव्हता, तरी बाजाराला. तेव्हा मला तिचा राग आला होता. तुमचं पत्र वाचून परवा तिला फोन केला.

सोनमने सहा महिने त्या दाताने ऊस, चणे, कैरी काही चावायचं नाही. दात थोडा करडा पडला तर घाबरू नका. ऑगस्टच्या शेवटी दाताचा एक्स-रे फोटो काढून बघू, मूळ वाढतंय का ते.

आणि विजयना सांगा. मी सांगणार नाही. ते काम तुमचं.

गौरवी

*

कुरणवाडी, १० जून

डॉक्टरबाई,

सांगितलं.

मे महिन्यात विजय-वैशाली सुटीला आले. पहिल्याच रात्री जेवताना सोनमनं स्वतःच तोंड उघडून दाखवलं आणि "माझ्या दातात नवीन रक्त आहे" म्हणाली. वैशालीचा घास हातातच राहिला. मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. लपवलेलंही सांगितलं. विजयनं तिचं तोंड परत उघडून बघितलं. वैशाली बोलली, आणि बोलली ते बरोबरच होतं. ती आई आहे. मग दोन दिवस ती माझ्याशी धड बोलेना. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते तर शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "वहिनी, सुईच्या वेळी तिनं कुणाचा हात धरला होता?" मी म्हटलं, माझा. म्हणाली, "बरं झालं."

विजयला गोव्यात पेडण्याजवळ तुयेच्या कारखान्यात काम मिळालं. आता पेडण्यातच खोली घेतलीय, दोघांना एकच पाळी आहे, आणि पोरगी आपल्याजवळ असावी असं दोघांनाही वाटतंय. वाटायलाच पाहिजे. रविवारी तिघं गेली. मी बाजाराला गेले नाही. वेशीपर्यंत गेले, गाडीत बसवलं, खिडकीतून डबा दिला. तुमच्या मावशीपेक्षा एवढं तरी बरं केलं.

आता कारखान्यातून सावकाश येते. घाईचं काही नसतं. हे म्हणतात, शेळी घेऊ या का. मी म्हटलं, शेळी पाकीट चिकटवील का?

पत्रावर सोनमनं काय काय लिहून पाठवलं होतं ते मला तिनं जाताना सांगितलं. तुम्ही तेव्हा तिचं नाव न घेता "अंदाज" म्हणालात, ते लक्षात राहिलं.

सिंधू

*

डिचोली, २ सप्टेंबर

सिंधूताई,

गणपतीची चवथ तोंडावर आली आहे, बाजारात पाय ठेवायला जागा नाही. तरी हे पत्र आजच टाकायला हवं.

शनिवारी सोनम आली होती, वैशालीबरोबर, म्हापशाला गाडी बदलून. उंची वाढली आहे. माशाशी पाच मिनिटं गप्पा झाल्या. पुळीचा मागमूस नाही. मग फोटो काढला. आधीचा फोटो आणि नवा मी शेजारी शेजारी धरले, आणि खरं सांगते, मी आधी नाव तपासलं, कुणा दुसऱ्याचा तर नाही ना. भिंती जाड झाल्या आहेत. टोकाचं उघडं तोंड आवळत आलं आहे. मुळाची लांबीही थोडी वाढली आहे. दोन्ही फोटो छापून सोबत पाठवते. डावा जुना. शांताक्कांनाही दाखवा.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. मी बर्फाचा खडा कापसात धरून त्या दाताला लावला. सहज. काही होईल अशी अपेक्षा नव्हती. सोनमने डोकं मागे घेतलं आणि म्हणाली, "आई गं, केवढं गार!"

मी म्हटलं, "परत सांग."

"गार आहे. काढा ना!"

सिंधूताई, त्या दाताला गार कळलं. दरवेळी असं होत नाही, आणि पुढेही असंच राहील असं लिहून देता येत नाही. पण त्या क्षणी मी आणि प्रियाने एकमेकींचे हात धरून खुर्चीभोवती फेर धरला. बाहेर बसलेल्या रोग्यांपैकी एक उठून घरी गेला.

आता नियमाचं. मूळ पूर्ण व्हायला अजून वर्ष-दोन वर्षं लागतील. दर सहा महिन्यांनी तपासणी आहे. तपासणीला मुलीबरोबर तेच माणूस यायला हवं, जे मुख्य उपचाराच्या वेळी हजर होतं. आमच्या दवाखान्याचा तसा नियम आहे. वैशालीला वाचून दाखवा, म्हणूनच नियम लेखी देते. पुढची तारीख फेब्रुवारीतली आहे, पण चवथीनंतर मला एकदा दात पॉलिश करून बघायचा आहे. बुधवार, १८ सप्टेंबर.

गौरवी

*

कुरणवाडी, ९ सप्टेंबर

डॉक्टरबाई,

फोटो मिळाले. शांताक्कांनी चष्मा लावून बघितले आणि म्हणाल्या, दोन्ही सारखेच दिसतात. मला फरक दिसला. आमच्या ह्यांनी ते देव्हाऱ्यात गणपतीशेजारी ठेवलेत. आरतीला आलेलं प्रत्येक माणूस विचारतंय, हा कुठला देव?

नियम वैशालीला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "वहिनी, असा नियम कुठल्या दवाखान्यात असतो? डॉक्टर खोटं बोलतायत." मी म्हटलं, असू दे, डॉक्टर सांगतील तसं करायचं असतं. तिनं सोनमला कॅलेंडर आणायला लावलं. मग म्हणाली, "रविवारीच या. तीन दिवस राहा. बुधवारी तुम्हीच घेऊन जा तिला."

मागून सोनम ओरडत होती, "काकूला सांग, मला आता गार कळतं!"

रविवारी सकाळच्या गाडीनं निघते. घाट उघडा आहे.

सिंधू